बॅच कार्डावरची वीस मिनिटं

९ सप्टेंबर

इंजिनीअरबाईंना बाबाचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या आईकडून मिळाला, तोही तीन दिवस मागे लागल्यावर, आणि वर "तिला टोमणे मारू नका" अशी ताकीद. टोमणे मारत नाही. बातम्या देतो.

तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. आईने शिवणयंत्र तुझ्या खिडकीशी नेलं आहे. तिथे उजेड चांगला येतो म्हणते. उजेड पुढच्या खोलीतही तेवढाच येतो, पण मी वाद घातला नाही. गिऱ्हाइकांचे कपडे आता तुझ्या पलंगावर पसरलेले असतात. यायचं असेल तर आधी कळव, म्हणजे ती जागा करेल.

कारखान्यात तुझ्या जागी नवीन साहेब आले आहेत. वयाने तुझ्याएवढेच, चष्मा तुझ्या दुप्पट. पहिल्याच दिवशी त्यांनी कार्बनच्या पुडीचा डबा बाहेर टेबलावर उघडायला घेतला. मी हात धरला. म्हटलं, "साहेब, ही पूड नाही, धूर आहे. एकदा उडाली की फुप्फुसात जाऊन बसेल, भाडंही देणार नाही. आत काचेच्या बंद कपाटात हात घालून, मास्क लावून." ते मुकाट्याने आत गेले. तू असतीस तर "पूड नाही, नॅनोट्यूब म्हणा" म्हणून मला सुनावलं असतंस. त्यांच्यापुढे मी सरळ काजळी म्हणतो. त्यांना चालतं.

आता अहवालाचं. मोठ्या साहेबांनी तो लिहायला घेतला आहे. मसुदा त्यांच्या टेबलावर उलटा दिसत होता, पण मला उलटंही वाचता येतं. कृत्रिम पावलात बसवायचं पातं, काचेच्या कापडाचे थर आणि त्यात नॅनोट्यूब मिसळलेलं रेझिन. वीस लाख वेळा वाकून टिकायला हवं होतं. वाकवून बघायच्या यंत्रावर, आपल्या घोड्यावर, अकरा पाती चढवली, सगळ्यात चिवट निघालं तेही तीन लाख बारा हजाराला तडकलं. कारण: मिश्रणाची रेसिपी सदोष. खाली रेसिपी ज्याची त्याचं नाव, म्हणजे तुझं. ऑक्टोबरअखेर सही होईल. तुझ्या नव्या नोकरीवाल्यांनी तुला कायम करण्याआधी त्याची प्रत मागवली आहे, हे इथे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

मला वाईट वाटलं. बैठकीत तू मला सगळ्यांसमोर विचारलंस त्याचं काही नाही. मी उत्तर दिलं, विषय संपला. घरी येऊन तेच पुन्हा विचारलंस, त्याचं मात्र लागलं. मी एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात घोटण्याचं काम केलं, इथे चार वर्षं. घोटूकाका हे नाव मला उगीच पडलेलं नाही. तुझ्या रेसिपीला माझ्या हातून काहीही कमी पडलेलं नाही, एवढं सांगायचं होतं.

जेवण वेळेवर घे.

बाबा


२१ सप्टेंबर

इंजिनीअरबाई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालाच्या वेळेला मी दारात असतो. तुझी आई म्हणते, दाराचं कुलूप बिघडलं आहे का सारखं सारखं बघायला.

इथे एक गंमत झाली. नवीन साहेबांनी बाहेरच्या प्रयोगशाळेतून दोन फोटो काढून आणले, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखालचे. दोन्ही भिंतीवर लावले. एक तू पहिल्यांदा स्वतः केलेल्या चाचणीच्या तुकड्याचा. त्यात त्या नळ्या लांबच लांब, एकमेकींत गुंतलेल्या, आईच्या दोऱ्याच्या डब्यात गुंता होतो तशा. दुसरा आपल्या अकरांतल्या एका पात्याचा. त्यात नुसते तुकडे. न्हाव्याने खुर्चीखालचे केस झाडून एका कोपऱ्यात लोटावेत, तसे.

साहेब म्हणाले, "काका, ही पूड वेगळ्या डब्यातली होती का?"

मी म्हटलं, "असेल."

डबा तोच होता.

तुला एक विचारायचं होतं, सहज, माहिती म्हणून. ते किंचाळणारं मशीन, तुझं सोनिकेटर, समजा वीस मिनिटांऐवजी थोडं जास्त चाललं, पंचवीस समज, तर काय होतं? पूड सुटी करायलाच तर ते लावतो ना आपण? मग जास्त वेळ लावलं तर जास्त सुटी व्हायला हवी. रंगात तसंच होतं. फुरसत मिळेल तेव्हा दोन ओळी लिही. घाई नाही.

खरं म्हणजे घाई आहे. मसुदा आता टाईप करून झाला.

बाबा


२९ सप्टेंबर

पंचवीस नाही. पस्तीस. अकराच्या अकरा बॅचना पस्तीस मिनिटं.

तुला बहुतेक ठाऊक आहे, तरी सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मी मधलं काहीतरी गाळीन. मला स्वतःचा स्वभाव माहीत आहे.

माझं गेज तू लहानपणापासून बघितलं आहेस. पोलादाची ती वीतभर पट्टी, मधून खाच, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला संपत गेलेली. खोल टोकाला रंगाचा थेंब टाकायचा, सपाट सुरीने ओढत न्यायचा, आणि जिथे दाणे उघडे पडतात तिथला आकडा वाचायचा. दाणा दिसला की माल परत घोटायला. रंगाच्या कारखान्यात माझ्या हाताखालून दाण्याचा माल कधी बाहेर गेला नाही. तिथून निघताना मी एवढी एकच वस्तू मागून घेतली होती. तू तिच्या खाचेतून गोट्या सोडायचीस आणि मी ओरडायचो.

तुझी पहिली बॅच माझ्या हातात आली. बॅचचं कार्ड वाचलं. वीस मिनिटं मशीन, मग घोटायच्या तीन रोलांमधून तीन फेऱ्या. वीस मिनिटांनी मी थेंब काढून गेजवर ओढला, तर दाणेच दाणे. उरलेले दाणे रोलांमध्ये सुटतील असं तू कार्डाच्या तळाशी लिहिलं होतंस. ते मी वाचलं होतं. माझा विश्वास बसला नाही. मनात म्हटलं, पोरीने घाईत वीस लिहिलं. बापाच्या हातून जाणारा माल आहे, कच्चा कसा जाऊ द्यायचा? मशीन परत लावलं. पस्तीस मिनिटांनी गेज साफ, एक दाणा नाही, माल आरशासारखा काळा. मला इतका आनंद झाला होता! वाटलं, पोरीचं नाव निघणार आता. तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. आणि 'प्रत्यक्ष वेळ' या रकान्यात वीस लिहिलं, कारण तिथे पस्तीस दिसलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

मग पाती तडकायला लागली. तरी मला वाटेना की माझ्यामुळे. दुसरंच काहीतरी असेल, कापड असेल, भट्टी असेल.

बैठकीत नऊ माणसं होती. तू वही उघडून बसली होतीस. कारखान्यात तू मला काकाच म्हणायचीस, सगळ्यांसारखी. त्या दिवशी तोंडून दुसरंच गेलं. मान वर न करता विचारलंस, "बाबा, किती मिनिटं?"

मी म्हटलं, "वीस."

आणि तू तशीच, मान वर न करता, वहीत लिहून घेतलंस.

पस्तीस म्हणायला मला तेवढाच वेळ लागला असता. पण नऊ माणसांसमोर घोटूकाकाने कार्ड मोडलं असं झालं असतं. मी ती नऊ माणसं बघितली, तू काय लिहून घेते आहेस ते बघितलं नाही.

पुढचं तुझ्यासमोर घडलं. तू पात्याचा तुकडा घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलास आणि मीटरच्या दोन तारा त्याला टेकवल्यास. काचेच्या कापडातून वीज जात नाही, रेझिनमधून जात नाही, गेली तर त्या नळ्यांमधूनच, आणि तीही त्या लांब असतील, एकमेकींना टेकत असतील तर. मीटर ढिम्म. तू म्हणालीस, "हे वीस मिनिटांचं नाही." मी ताट सरकवून उठलो आणि म्हणालो, "आता बापाला मीटर लावतेस?" दोन दिवसांनी तू बॅग भरलीस. मी पेपर वाचत बसलो होतो. पेपरात काय होतं ते आजही सांगता येणार नाही.

जास्त घोटल्याने नळ्या तुटतात हे मला खरंच माहीत नव्हतं. ती चूक. पण पस्तीस केले हे मला पक्कं माहीत होतं. ते खोटं. दोन्हींची सरमिसळ करून मी इतके दिवस स्वतःची समजूत काढली.

मला माफ कर. हे टोमण्याशिवायचं पत्र आहे.

बाबा


६ ऑक्टोबर

तुझं कार्ड आलं. पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे ते आधी तुझ्या आईने वाचलं. तू मुद्दामच पोस्टकार्ड निवडलंस असा मला दाट संशय आहे.

"बाबा, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला सांगून काय होणार? कार्डावर अजून वीसच आहे." एवढंच. सहीसुद्धा नाही.

तुझ्या आईने यंत्र थांबवलं, मला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं विचारलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "जास्त कापलेलं कापड परत लांब होत नाही. मला विचारलं असतंत तर मी फुकटात सांगितलं असतं." मग म्हणाली, "पोरीला चार पानं लिहिलीत ना? आणि ऑफिसात काय तोंडाला टाके घातलेत?" त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. भाजी वाढताना पातेलं मात्र बोललं.

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांकडे गेलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, दार लावलं.

"काका," ते म्हणाले, "चार महिन्यांवर निवृत्ती आली तुमची. चांगला निरोप द्यायचा आहे आम्हाला. आता हे कशाला उकरून काढता?"

"अहवालात तिचं नाव आहे, साहेब."

"तेच म्हणतो मी. तुमची मुलगी आहे. लोक काय म्हणतील? बापाने पोरीसाठी अंगावर घेतलं. मलाही तसंच वाटतंय, खरं सांगू का."

याचा मी विचारच केला नव्हता. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि खरं बोलायला गेलो तर बाप आडवा आला. मी म्हटलं, "फोटो बघा, मीटर लावा." ते म्हणाले, त्यावरून नळ्या तुटल्या एवढंच कळतं, वीस मिनिटांत तुटल्या की पस्तिसात ते कळत नाही. बरोबर आहे त्यांचं. तूही हेच म्हणाली असतीस.

शेवटी नवीन साहेबांना आत बोलावलं. ठरलं ते असं. पूड फक्त एका बॅचपुरती उरली आहे. ती मी करायची, अक्षरशः तुझ्या कार्डाप्रमाणे. नवीन साहेब घड्याळ घेऊन शेजारी बसणार. त्यातून एक पातं घोड्यावर. तीन लाख बारा हजाराच्या पुढे गेलं तर 'रेसिपी सदोष' ही ओळ जाईल. आधी तडकलं तर ओळ राहील आणि माझा जबाब खाली जोडला जाईल, कोणीही वाचणार नाही असा.

जबाब मी लिहून दिला. जुनी अकरा कार्डंही मागून घेतली. प्रत्येकावर वीसवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी पस्तीस लिहिलं, सही आणि आजची तारीख. अकरा वेळा. सातव्या कार्डावरची सही जरा वेडीवाकडी आली आहे.

बॅच उद्या. काही सूचना असेल तर आईला फोनवर सांग. माझ्याशी बोलायची गरज नाही.

बाबा


१३ ऑक्टोबर

सूचना मिळाली. म्हणजे निम्मी मिळाली. तुझ्या आईने 'बर्फ बदला' एवढं लक्षात ठेवलं, दर पाच मिनिटांनी की दर पंधरा, यावर आमची जुंपली. मी पाचने बदलला.

बुधवारी सकाळी पूड तोलली, कपाटात हात घालून. रेझिनमध्ये सोडली, भांडं बर्फात ठेवलं, कानाला टोपणं लावली आणि मशीन सुरू केलं. नवीन साहेब समोर घड्याळ घेऊन. वीस मिनिटं इतकी छोटी असतात हे मला माहीत नव्हतं. संपली. मी मशीन बंद केलं, आणि सवयीने थेंब काढून गेजवर ओढला.

दाणे. खरखरीत, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. पस्तीस वर्षांत असा माल मी कोणाला दाखवलासुद्धा नसता. मनात आलं, तुझ्यावर विश्वास आहे, पण फक्त दोन मिनिटं. दोनाने काय होतंय? हात बटणाकडे निघालाच होता. मी प्लग उपटला, वायर गुंडाळली आणि साहेबांच्या हातात दिली. म्हटलं, "हे धरा. मी मागितलं तरी देऊ नका." त्यांना वाटलं मी विनोद करतो आहे. मी घामाने भिजलो होतो.

मग रोल. पहिली फेरी, दाणे. दुसरी फेरी, थोडे. तिसऱ्या फेरीचा माल गेजवर ओढला आणि खाच शेवटपर्यंत साफ. तू कार्डाच्या तळाशी लिहिलं होतंस तसंच, शब्दाला शब्द. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी लाज वाटली. तू बरोबर होतीस हे बघायला मला फक्त थांबायचं होतं.

पुढचं काम नेहमीचं. हार्डनर, पंपाने बुडबुडे काढणं, कापडाचे थर, साचा, भट्टी. काल पातं कापलं. कडेच्या तुकड्याला मीटर लावला तर आकडा आला. तो तुकडा खिशात घालून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर तुझ्या आईलाही दाखवला. ती म्हणाली, "हे त्या दिवशीच कबूल केलं असतंत तर पोर जेवून उठली असती."

आज मंगळवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पातं घोड्यावर चढलं. सेकंदाला दोनदा वाकतं. ठक, ठक. मी आईला वेळ सांगितली आहे. ती तुला सांगेल, मी सांग म्हटलं नाही तरी.

मला भीती वाटते. माझी भीती नाही, माझं जे व्हायचं ते ठरलेलं आहे. एवढीच पूड उरली होती.

बाबा


१५ ऑक्टोबर

आज फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

आधी कामाचं. ओळ गेली. मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर लाल पेनाने खोडली आणि वर लिहिलं, 'कारण: ऑपरेटरची चूक.' मी म्हटलं, साहेब, तेवढ्याने भागत नाही, चूक कोणाच्याही हातून होते. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? मी सांगितलं. आता तिथे असं आहे: 'ऑपरेटरने मिश्रणाची वेळ स्वतःच्या मनाने वाढवली आणि नोंद खोटी केली.' तुझ्या नव्या ऑफिसला हीच प्रत जाईल. सोमवारपासून मी स्टोअरमध्ये. मशीनला हात लावायचा नाही. योग्य आहे. घोडा चालूच आहे, वीस लाखाला अजून पावणेदहा दिवस आहेत. तिथवर जाईल की नाही ते मला माहीत नाही, पण तुझ्यावरचा ठपका गेला.

आता फोनचं. सकाळी आठपासून आम्ही चौघे-पाचजण घोड्यासमोर उभे होतो. नवीन साहेब दर दहा मिनिटांनी भिंग घेऊन वाकत होते. तीन लाख नऊ हजार, दहा, अकरा. मी आकड्याकडे न बघता पात्याकडे बघत होतो, जणू माझ्या बघण्याने ते टिकणार होतं. काट्यावर साडेनऊ झाले, आकडा तीन लाख बारा हजार, आणि त्याच मिनिटाला भिंतीवरचा फोन वाजला.

सगळे दचकले. मी नाही. दोन वाजून दहा, सेकंदाला दोनदा. तू हिशोब करून बसली होतीस. दोन दिवस तुझ्याकडेही तोच आकडा चालू होता, हे मला फोनच्या घंटेने सांगितलं.

मी हॅलो म्हणायच्या आत तू विचारलंस, "आकडा?"

"तीन लाख बारा हजार एकशे चाळीस."

"भेग?"

"नाही."

"भिंगाने बघितलं?"

"साहेबांनी बघितलं, मग मी बघितलं."

"दोन्ही कडा?"

"दोन्ही."

घोड्याचा आवाज तुला ऐकू जात असणार, म्हणून मी फोन तसाच त्याच्या दिशेने धरून उभा राहिलो. हात दुखायला लागला तेव्हा कानाला लावला. तू होतीस. मला माफ कर म्हणायचं होतं, जेवलीस का विचारायचं होतं, पलंग मोकळा करून ठेवला आहे हेही सांगायचं होतं. समोर माणसं होती.

तेवढ्यात तू विचारलंस, "बाबा, किती मिनिटं?"

मी म्हटलं, "वीस."

तोच शब्द, तोच आवाज, समोर त्या नवांतलीच काही माणसं. तू विश्वास ठेवला नसतास तरी मला काही म्हणता आलं नसतं. मी वाट बघत राहिलो.

"थांबा," तू म्हणालीस, "लिहून घेते."

बाबा